गेलो, गेलोय की गेलो होतो: इंग्रजीत कधी काय वापरायचं

'आय लॉस्ट माय की' म्हणायचं की 'आय हॅव लॉस्ट माय की', इथे भलेभले अडकतात. दोन्ही वाक्यं बरोबरच आहेत, पण समोरच्याला कळतं ते वेगळं. 'हॅव लॉस्ट' म्हटलं की किल्ली अजून सापडलेली नाहीये, तुम्ही बंद दारासमोर उभे आहात. नुसतं 'लॉस्ट' म्हटलं तर तेव्हा हरवली एवढंच, नंतर मिळालीही असेल. थोडक्यात परफेक्टचा, म्हणजे 'हॅव' लावून केलेल्या रूपाचा, एक पाय आजमध्ये असतो, साध्या भूतकाळाचे दोन्ही पाय मागेच.

म्हणूनच जुन्या नोकरीबद्दल बोलताना 'आय हॅव वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स' म्हणालात तर ऐकणारा समजतो की तुम्ही अजून तिथेच आहात. सोडली असेल तर सरळ 'आय वर्क्ड'.

वाक्यात येस्टरडे, लास्ट वीक, अगो किंवा ठराविक साल आलं की हॅव विसरा. आपण मराठीत 'मी कालच आलोय' सहज म्हणतो ना, तिथूनच 'आय हॅव कम येस्टरडे' येतं आणि ते चूकच आहे. व्हेनने प्रश्न विचारतानाही तेच, 'व्हेन डिड यू कम?' एवढंच म्हणायचं. जस्ट, ऑलरेडी, येट यांना ब्रिटिश इंग्रजीत बहुतेक वेळा हॅव लागतं, अमेरिकन मात्र 'डिड यू ईट येट?' बिनधास्त विचारतात, त्यामुळे त्यात फार जीव अडकवू नका.

खरा घोळ हॅडचा आहे आणि तो आपल्या 'होतो'मुळे होतो. 'मी काल डॉक्टरकडे गेलो होतो' याचं आपण 'आय हॅड गॉन टु द डॉक्टर येस्टरडे' करतो, आणि समोरचा वाट बघत बसतो की बरं, मग पुढे काय झालं? इथे 'आय वेन्ट' पुरतं. हॅड लागतो तो मागच्या दोन गोष्टींपैकी आधी कुठली घडली ते दाखवायला. 'व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट' म्हणजे प्लॅटफॉर्म रिकामा, गाडी आधीच गेलेली. त्याच वाक्यात 'द ट्रेन लेफ्ट' म्हटलं तर तुम्ही पोचलात आणि गाडी तुमच्या डोळ्यांदेखत सुटली. बिफोर किंवा आफ्टर वाक्यात असेल तर क्रम आपोआप कळतो, तिथे हॅड नाही घातला तरी चालतं.