आटे मोजायला आधी काय घ्यावं : रिंग गेज, थ्रेड मायक्रोमीटर की तीन तारा?

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे किंवा निपाणीकडे स्वतःचा लेथ टाकणाऱ्याला आटे पाडता येतातच. अडतं ते पुढे. पाडलेले आटे मापात आहेत, हे पार्टीला कशाच्या जोरावर सांगायचं? बऱ्याच ठिकाणी नट घालून बघतात आणि जॉब पाठवून देतात. माझं स्पष्ट मत आहे की ही तपासणीच नव्हे. एम २० × २.५ चा (व्यास २० मिमी; पिच, म्हणजे दोन शेजारच्या आट्यांमधलं अंतर, २.५ मिमी) ६एच, म्हणजे नेहमीच्या टॉलरन्सचा नट घ्या. त्याचा पिच डायमीटर (आटा आणि खाच सारख्याच रुंदीचे असतात तिथला व्यास) १८.३७६ ते १८.६०० मिमीमध्ये कुठेही असू शकतो, आणि तरी तो नट चांगलाच ठरतो. असा नट सैल फिरला तर ढिलाई नटाची की तुमच्या आट्यांची, हे कसं कळणार?

रिंग गेज

एकाच मापाचा माल शेकड्याने निघत असेल, तर दुसरा विचार करू नका. रिंग गेज म्हणजे आतून अचूक आटे असलेल्या दोन रिंगांची जोडी. गो रिंग हाताने, जोर न लावता पूर्ण लांबीवर फिरली पाहिजे आणि नो-गो दोन फेऱ्यांपलीकडे चढता कामा नये. नवीन पोऱ्यालाही हे दिवसभर बिनचूक जमतं. शिवाय गो रिंग पिच, कोन आणि व्यास या तिन्हींच्या चुका एकदम पकडते, कारण तिला सगळ्या आट्यांवरून जावं लागतं.

पण रिंग आकडा सांगत नाही. गो चढली नाही तर अजून किती काप घ्यायचा, ते तुम्हीच ताडायचं. जॉब सेंटरवर धरला असेल तर दर वेळी टेलस्टॉक (जॉबच्या दुसऱ्या टोकाला टेकू देणारा भाग) मागे घ्यावा लागतो. आणि प्रत्येक मापाला, प्रत्येक पिचला वेगळी जोडी लागते. हायड्रॉलिकवाल्यांची कामं घेतलीत की पाव, तीन अष्टमांश, अर्धा इंच बीएसपी (ब्रिटिश पाइप आटे) अशा जोड्यांनीच कपाट भरतं.

थ्रेड मायक्रोमीटर

एका बाजूला टोकदार, दुसऱ्या बाजूला व्ही आकाराचा अ‍ॅन्व्हिल, म्हणजे जॉबला टेकणारं टोक. आट्यांवर बसवला की पिच डायमीटर थेट वाचता येतो, गणित नाही. मात्र अ‍ॅन्व्हिलची जोडी पिचच्या ठरावीक टप्प्यापुरतीच चालते. आट्यांचा कोन ६० अंश असेल तर वेगळी, ५५ असेल तर वेगळी. जोडी बदलली की शून्य पुन्हा जुळवायचं, आणि २५ मिमीपुढची फ्रेम असेल तर त्यासाठी सेटिंग पीस हवाच. रोज मेट्रिकचीच कामं असतील तर वस्तू उत्तम आहे. दुरुस्तीच्या दुकानाने पहिल्या खरेदीत घेऊ नये.

तीन तारा

सारख्या जाडीच्या तीन तारा आणि साधा मायक्रोमीटर, एवढ्यावर काम भागतं. एका बाजूच्या खाचेत एक तार, समोरच्या बाजूला शेजारच्या दोन खाचांत दोन. थोडं ग्रीस लावलं की तारा जागेवर राहतात, आणि टेलस्टॉकला हात लावावा लागत नाही. ६० अंशांच्या आट्यांसाठी योग्य तार म्हणजे पिच गुणिले ०.५७७. तारांवरचं माप = पिच डायमीटर + ३ × तार − ०.८६६ × पिच.

एम २० × २.५, ६जी (बोल्टचा नेहमीचा टॉलरन्स) बोल्ट धरू. पिच डायमीटर १८.१६४ ते १८.३३४ मध्ये हवा. तार १.४४३ मिमीची. म्हणजे तारांवरचं माप २०.३२८ ते २०.४९८ च्या आत आलं पाहिजे. समजा मायक्रोमीटर २०.६२ दाखवतो आणि तुम्हाला मधोमध, २०.४१ वर थांबायचंय. व्यासात ०.२१ जायचे आहेत, म्हणजे सरळ आत ०.१०५. कंपाउंड (टूल धरणारी, वळवता येणारी छोटी स्लाइड) ३० अंशांवर वळवून काप देत असाल तर तिथे ०.१२ द्यावे लागतील. डायल व्यासावर आखलेला आहे की त्रिज्येवर, ते आधी बघा. पुढचा काप किती द्यायचा हे रिंग कधीच सांगणार नाही. म्हणून मला तारा इतक्या मोलाच्या वाटतात.

आपल्या भागात तर त्या जास्तच कामाच्या. आज ट्रॅक्टर ट्रॉलीचा मेट्रिक स्टड येतो, उद्या गुऱ्हाळाच्या चरकाचा जुना ब्रिटिश बोल्ट. चार सुती (अर्धा इंच) व्हिटवर्थला, म्हणजे त्या जुन्या ब्रिटिश आट्याला, इंचात १२ आटे आणि कोन ५५ अंश, तर चार सुती यूएनसीला, म्हणजे अमेरिकन आट्याला, १३ आटे आणि कोन ६०. व्हिटवर्थसाठी सूत्र बदलतं : पिच डायमीटर + ३.१६५७ × तार − ०.९६०५ × पिच, आणि योग्य तार पिचच्या ०.५६४ पट. तारांचा एक संच घेतला की दोन्ही कामं निघतात. रिंगा मात्र दोन्हींच्या वेगळ्या घ्याव्या लागतील.

तारांचा एक मोठा दोष आहे, तो नीट समजून घ्या. योग्य जाडीची तार पिच डायमीटरच्या रेषेवरच टेकते, त्यामुळे तिला कोनाची चूक जवळजवळ दिसत नाही. टूल ५७ अंशांचं घासलं गेलं किंवा तिरकं बसलं, तरी माप बरोबर येईल आणि रिंग अडकेल. म्हणून टूल सेंटर गेजला (टूलचा कोन जुळवायची पट्टी) लावूनच बसवायचं आणि पहिली हलकी रेघ मारून पिच गेज (पिच जुळवून बघायच्या दातेरी पट्ट्या) लावून बघायचा. लीड स्क्रू (टूल पुढे सरकवणारा लेथचा लांब स्क्रू) इंची असेल आणि मेट्रिक आटे पाडायचे असतील, तर १२७ दातांचं गिअर लावलंय ना, तेही त्याच वेळी तपासा. तिथे शेवटपर्यंत हाफ नट (लीड स्क्रूला पकडणारा नट) सोडायचा नाही, मशीन उलटं फिरवून मागे यायचं.

फुटकळ आणि दुरुस्तीच्या कामासाठी माझा कौल तारांना. एखादं माप दर महिन्याला येऊ लागलं की त्या मापाची रिंग जोडी घ्या. आतले आटे असतील तर तारांचा काही उपयोग नाही, तिथे भोकात फिरवायचा प्लग गेजच लागतो.

माल झिंक प्लेटिंगला जाणार असेल तर तेही आधीच विचारून घ्या. ६० अंशांच्या आट्यांवर थराच्या चौपट पिच डायमीटर वाढतो. ८ मायक्रॉन थर म्हणजे ३२ मायक्रॉन. एम २० च्या ६जी मध्ये सैलपणासाठी ४२ मायक्रॉनच राखलेले असतात, म्हणजे प्लेटिंगनंतर जेमतेम १० उरतात. तेव्हा वरच्या हद्दीला टेकलेला जॉब प्लेटिंगला पाठवू नका, आणि थराची जाडी पार्टीकडून ऑर्डरवरच लिहून घ्या.