इरकलचं जॅकेट, चांदीचा साज, दोन जोड चपला: अकरा महिने वापरून झाल्यावर

आधी खर्च सांगते. 2024च्या दिवाळीआधी मी हौसेनं चार वस्तू घेतल्या. इरकल लुगड्यातून शिवलेलं एका डिझायनर लेबलचं लांब जॅकेट 14,500, त्याच लेबलच्या टाचेच्या सँडल 6,800, चांदीवर सोन्याचं पाणी दिलेला कोल्हापुरी साज 11,200 आणि अथणीची कोल्हापुरी चप्पल 2,200. बेरीज 34,700 रुपये. आई म्हणाली, "एवढ्यात चार ग्रॅमची अंगठी आली असती की गं." 2025 मध्ये सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेलं तेव्हा तिनं हे वाक्य पुन्हा दोनदा ऐकवलं.

मी बेळगावात टिळकवाडीत राहते, कॉलेजात शिकवते, दुचाकीवरून हिंडते. घेतलेली वस्तू कपाटात जपून ठेवायचा माझा स्वभाव नाही. चार लग्नं, एक वास्तुशांत, शिवजयंतीची चित्ररथांची मिरवणूक, गणपती आणि बेळगावचा अख्खा पावसाळा एवढं या वस्तूंनी सोसलंय. लेबलचं नाव लिहीत नाही, विचारूही नका.

जॅकेटपासून सुरू करते, कारण त्याच्याबद्दल माझं मन अजून दोन्हीकडे ओढ घेतं. कट अप्रतिम. खांदा जिथं संपतो तिथंच शिवण येते, हात वर केला तरी काखेत ओढत नाही, आणि बाजूच्या शिवणीत लपवलेल्या खिशात मोबाईल आरामात मावतो. गणपत गल्लीतल्या आमच्या टेलरला दाखवून "असंच एक साध्या खणाचं शिवून द्या" म्हटलं. त्यानं ते उलटंपालटं करून पाहिलं, बाहीची गोलाई बोटानं मोजली आणि म्हणाला, "मॅडम, हे अंदाजानं कापलेलं नव्हे. आधी कागदावर काढलंय. मी शिवलो तर असं बसणार नाही." वीस वर्षांत या माणसानं मला पहिल्यांदा नाही म्हटलं.

पाठीवर कसुती, म्हणजे कर्नाटकातलं पारंपरिक भरतकाम आहे, गोपुर आणि रथ. हाताची की मशीनची हे बघायचं तर कापड उलटं करा. कसुतीतले गवंती आणि मुरगी हे टाके दोन्ही बाजूंनी सारखेच दिसतात, मागं गाठ नसते. मशीनच्या कामात मागं बॉबिनचा दोरा आणि चिकटवलेला कागद सापडतो. माझ्या जॅकेटचं अस्तर एका कोपऱ्यात उसवून पाहिलं (हो, नव्या कपड्याचं उसवलं, आईनं डोक्याला हात लावला). काम हाताचंच निघालं. तिथं लेबल खोटं बोललेलं नाही.

घोळ झाला तो कापडाच्या जोडात. इरकल लुगड्याचं अंग बहुधा सुती असतं आणि पदर रेशमी. दोन्हींचा ताणा (मागावरचे उभे धागे) वेगळा असतो आणि मागावर तो फासात फास अडकवून एकेक धाग्यानं जोडतात. त्यामुळे ताणाही एका वेळी एकाच लुगड्यापुरता लावतात. लुगडं नेसताना या जोडावर फारसा ताण येत नाही. पण डिझायनरला लाल-पांढरा पदर समोर दिसायला हवा होता, म्हणून जोड बरोबर छातीवर आणलाय. दिसतं फारच देखणं. दोनदा ड्रायक्लीन केलं तोवर ठीक होतं. मग शिवजयंतीच्या मिरवणुकीत वळीव आला आणि मी चिंब भिजले. वाळल्यावर सुती भाग आटला, रेशमी तेवढा आटला नाही, आणि छातीवर आडवी चुणी पडली. इस्त्रीनं जाईना. दोन ठिकाणी जोडाचे फास सुटून बोटभर जागा विरविरीत झाली.

लेबलला फोटो पाठवले. उत्तर आलं की आत 'फक्त ड्रायक्लीन' असं लिहिलंय. बरोबर आहे, लिहिलंय. पावसाला काय सांगणार?

वडगावात माग चालवणाऱ्या ओळखीच्या काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून जोड पाहिला. "सीरी चलो ऐत्री अक्का," एवढं कानडीत बोलून मराठीत पुढं म्हणाले, "लुगडं झकास आहे, कात्री चुकीच्या जागी लावलीया." शेवटी आमच्या टेलरनंच अस्तर पूर्ण काढलं, नवं मलमल आधी रात्रभर भिजवून आटवून घेतलं आणि जोडाच्या मागून पट्टी दिली. 900 रुपये. जॅकेट परत घालण्यासारखं झालंय, पण नव्यासारखं पडत नाही.

साजाचं थोडक्यात. परंपरेनं साजाला एकवीस पानं असतात. दहा दशावताराची, आठ अष्टमंगलाची, माणिक-पाचूची दोन आणि एक डोरल्याचं. माझा 'मिनिमल' साज, म्हणून अकराच. आजीनं हातात घेऊन एकेक पान चाचपलं आणि विचारलं, "कासव कुठाय गं? मासाबी न्हाई." त्या दिवसापासून तो साज घातला की मला कासवच आठवतं.

चांदी खरी आहे, फासाजवळ 925चा छाप आहे. पण वरचं सोन्याचं पाणी मार्चपर्यंतच टिकलं. मानेला घासणारे जवमणी आधी पांढरे पडले, मग काळसर. घाम, परफ्यूम, केसांचं तेल यांना पातळ मुलामा कितीसा पुरणार? घेताना मी मुलाम्याची जाडी विचारलीच नव्हती. विचारा, ती मायक्रॉनमध्ये सांगतात, आणि दुकानदार चाचरला तर समजून जा. शहापूरच्या सराफ गल्लीत परत पाणी देऊन घेतलं, 1,400 रुपये. सोनारानं बजावलं की गरम पाण्यात कधी घालू नका. मणी आतून पोकळ, त्यांत लाख भरलेली असते, ती मऊ पडते. आता परफ्यूम आधी, साज सगळ्यांत शेवटी. काढला की मऊ फडक्यानं पुसून बंद पिशवीत, सोबत ओल ओढून घ्यायला खडूचा तुकडा. पितळेवर पाणी दिलेला स्वस्त साज मोडीत काहीच देत नाही, चांदीचा निदान वजनावर तरी जातो. म्हणून याबद्दल माझी फार तक्रार नाही.

सँडल. सांगायलाही राग येतो. मोजून सहा वेळा घातल्या. गणपतीत डबा उघडला तर टाचेखालचा तळ बिस्किटासारखा भुगा होऊन पडलेला, वरचा पट्टा पापुद्रे सोडतोय. खडे बाजारातल्या दुरुस्तीवाल्या मामांनी बोटानं खरवडून दाखवलं, "पेस्टिंग धरायला खाली काही उरलंच नाही की हो." नंतर वाचून कळलं की पॉलियुरेथेनचा तळ हवेतला ओलावा शोषून आतून तुटत जातो, न वापरता डब्यात ठेवला तरीही. बेळगावात जूनला लागलेली ओल गणपती गेले तरी भिंतीतून निघत नाही, तिथं याचं काय होणार? 'व्हेगन लेदर' म्हणून विकलेला पट्टाही तसाच, कापडावर प्लॅस्टिकचा थर. वॉरंटी सहा महिन्यांची, ती कधीच संपलेली.

आता अथणीची चप्पल. पहिले पंधरा दिवस तिनं छळलं. अंगठ्याच्या कडेला फोड, चपलेच्या कानाच्या, म्हणजे बाजूच्या पट्ट्याखाली लाल वण. रोज रात्री आतून तेलाचं बोट फिरवायचं आणि घरात अर्धा तास घालून चालायचं, हाच उपाय. तिसऱ्या आठवड्यात ती पायाची झाली, आणि तेव्हापासून दिवसभर उभी राहून शिकवलं तरी तळवा दुखत नाही. तळ म्हशीच्या चामड्याचा, साली-हिरड्यांत कमावलेला, शिवण चामड्याच्याच वादीची, खिळा कुठं नाही. वेणीचं काम इतकं बारीक आहे की स्टाफरूममध्ये दोघींनी पत्ता मागून घेतला.

पावसात मात्र घालायची नाही. मी जूनमध्ये गुंडाळून ठेवली तरी पांढरी बुरशी आलीच. कोरड्या फडक्यानं पुसली, सावलीत वाळवली, तेल दिलं, गेली. (उन्हात वाळवू नका, चामडं कडक होऊन वर वळतं.) टाच झिजली तेव्हा मामांनी 250 रुपयांत खालून दुसरा थर शिवून दिला. सँडलला हे शक्यच नव्हतं.

जून 2025 मध्येच मिलानच्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये प्रादा या इटालियन ब्रँडनं असल्याच अंगठ्याच्या चपला मॉडेलांच्या पायांत घातल्या आणि आधी त्यांना नुसतं लेदर सँडल म्हटलं. ओरड झाल्यावर त्यांनी पत्र लिहून भारतीय हस्तकलेची प्रेरणा मान्य केली. माझ्या विद्यार्थिनी आठवडाभर मला ती रील पाठवत होत्या. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. त्यात महाराष्ट्राचे चार जिल्हे आहेत आणि कर्नाटकाचेही चार, बेळगाव धरून. एवढ्या एका कागदावर दोन्ही राज्यांचं एकमत आहे म्हणायचं.

कुणी घेणार असेल तर आणखी एक हिशेब. 22 सप्टेंबर 2025 पासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्यांवर आणि चपलांवर जीएसटी 5 टक्के आहे, त्यावर गेलात की 18. म्हणजे माझी अथणीची चप्पल स्वस्तातल्या खान्यात बसते, जॅकेट महागातल्या.

त्याच लेबलचं दुसरं जॅकेट घेईन का? घेईन, त्या कटसाठी. पण एकाच कापडाचं, जोड नसलेलं, आणि अस्तर काढता येतं का हे आधी विचारून. साज पुढच्या वेळी एकवीस पानांचाच, थोडे पैसे साठवून. चप्पल दुसरी जोड सांगून ठेवलीय, कापशी प्रकारची कोल्हापुरी. सँडल कचऱ्यात गेल्या. त्यांचं एक बकल तेवढं आईनं काढून घेतलं आणि भाजीच्या पिशवीला लावलंय. ते अजून शाबूत आहे.