फॉक्स क्रीक हॉर्स कॅम्प, माउंट रॉजर्स: घोडीसोबत तीन रात्री

ज्यांच्याकडे घोडा आहे आणि ज्यांना त्याला घेऊन जंगलात मुक्काम करायचा आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. फॉक्स क्रीकला पिण्याचं पाणी नाही, वीज नाही, आंघोळीची सोय नाही. आमच्या फोनला रेंजही नव्हती. तरी गेल्या सहा वर्षांत जेवढे हॉर्स कॅम्प पाहिले, त्यांत पुन्हा पुन्हा जावंसं वाटलं ते इथेच. पाचपैकी पाच देते. मात्र पाण्याची आणि बांधण्याची तयारी घरून करूनच जायचं. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय, कारण आम्ही ते सगळं चुकत चुकत शिकलोय.

ठिकाण व्हर्जिनियाच्या नैऋत्य कोपऱ्यात आहे, माउंट रॉजर्सच्या उत्तर पायथ्याशी, जेफरसन नॅशनल फॉरेस्टच्या हद्दीत. आम्ही नॉर्थ कॅरोलायनात शार्लटजवळ राहतो. माझी घोडी कस्तुरी, चौदा वर्षांची, कुमेद रंगाची क्वार्टर हॉर्स. मुलीसाठी तिच्या तबेल्यातला अठरा वर्षांचा एक समजूतदार घोडा चार दिवसांपुरता भाड्याने घेतला होता. नकाशा तीन तास दाखवतो, मागे ट्रेलर असेल तर चार धरा. ७७ नंबरचा हायवे सोडून इंडिपेंडन्स गाव मागे टाकलं की वळणं सुरू होतात ती थेट ट्राउटडेलपर्यंत. आपल्याकडच्या घाटात चालवतो तसंच चालवायचं, किंबहुना त्याहून सावकाश. आतला घोडा चारही पायांवर तोल सावरत उभा असतो. आपण एक ब्रेक जोरात मारला की त्याचे गुडघे आणि मान दोन्ही झटका खातात. आम्ही अर्ध्या वाटेत थांबून दोघांना पाणी दाखवलं, पंधरा मिनिटं ट्रेलर उभा ठेवला आणि मग पुढे निघालो.

कागदपत्रांत कॉगिन्स टेस्टचा दाखला बारा महिन्यांच्या आतला हवा. चावणाऱ्या माश्यांमुळे पसरणारा आणि औषध नसलेला एक रक्ताचा आजार घोड्यांना होतो, त्याची ही तपासणी. दुसऱ्या राज्यातून घोडा आणताना ती लागतेच. मी त्याची एक प्रत गाडीच्या खणात ठेवते आणि एक खोगिराच्या पेटीत.

ट्राउटडेलहून ६०३ नंबरचा रस्ता पश्चिमेला जातो. त्याच रस्त्यावर काही मैलांवर कॅम्प लागतो. उंची साधारण साडेतीन हजार फूट. झाडीत पांगलेल्या तीसेक जागा, खड्ड्याची शौचालयं, आणि शेजारून वाहणारा ओढा, म्हणजेच फॉक्स क्रीक. बस, एवढंच. आमच्या जागेवर ट्रेलर वळवायला पुरेशी मोकळी जमीन होती आणि वीसेक पावलांच्या अंतरावर दोन जाड झाडं. घोडेवाल्याला ही दोन झाडं मिळाली की अर्धं काम झालं.

आता पाण्याबद्दल. घोड्याला दिवसाला २० ते ४० लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात दिवसभर चालला तर त्याहूनही जास्त. पाणी कमी पडलं की आतड्यात चारा सुकतो आणि पोटशूळ उठतो. जंगलात, डॉक्टरपासून दूर, रात्री दोन वाजता घोड्याला पोटशूळ उठण्याएवढी मोठी भीती मला दुसरी नाही. ओढा तर समोरच होता, थंडगार, तळाचे खडे दिसतील इतका स्वच्छ. मुलगी कस्तुरीला घेऊन काठावर गेली. कस्तुरीने मान खाली घातली, ओठ पाण्याला टेकवले, नाकपुड्या फुलवून एकदा फुर्र केलं आणि मान वर. दोन्ही कान ताठ. परत एकदा तसंच. पाच मिनिटांनी मुलगी म्हणाली, "आई, ती पीतच नाहीये गं."

घोडा घरच्या पाण्याचा वास ओळखतो. नवीन पाण्याला वेगळा वास येतो, त्यात ते वाहतं, आवाज करतं. तहानलेला असला तरी तो थांबतो. म्हणून आम्ही घरून ६० लिटर पाणी तीन कॅनमध्ये भरून नेलं होतं. पहिल्या रात्री दोघांना तेच दिलं, त्यातच थोडी चंदी भिजवली आणि चिमूटभर मीठ टाकलं. सकाळी अर्धं घरचं, अर्धं ओढ्याचं. दुपारी पाव आणि पाऊण. भाड्याच्या घोड्याने पहिल्याच संध्याकाळी ओढ्यात तोंड घातलं होतं, तो बऱ्याच ठिकाणी फिरलेला. कस्तुरीला दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ लागली. घरून पाणी आणायची सोय नसेल तर आधी आठवडाभर घरच्या बादलीत थोडा सफरचंदाचा रस घालून सवय लावा. मग इथल्या पाण्यातही तोच रस घाला, म्हणजे चव ओळखीची लागते.

त्या मधल्या दिवसात मी दर दोन तासांनी तिची हिरडी अंगठ्याने दाबून बघत होते. पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांत परत गुलाबी झाली पाहिजे. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच सपाट व्हायला हवी. आणि कुशीला कान लावायचा. आत गुडगुड ऐकू येत असेल तर पोट चालू आहे, शांतता असेल तर काळजी. कुशीला कान लावायची ही सवय माझ्या आजोबांची. ते शहाद्याला टांगा चालवायचे. संध्याकाळी घरी आल्यावर आजी चहा पुढे करायची, पण घोडीने पाणी पिऊन मान वर केल्याशिवाय ते कपाला हात लावत नसत. मलाही कस्तुरीला पाणी मिळेपर्यंत स्टोव्ह पेटवावासा वाटत नाही.

दुसरी गोष्ट बांधण्याची. आमच्याकडे सारंगखेड्याच्या यात्रेत, दत्तजयंतीला तापीच्या काठी, शेकडो घोडे ओळीने उभे असतात. पुढून अगाडी, मागून पिछाडी, दोन्ही बाजूंना खुंट. लहानपणी मला वाटायचं की घोडा बांधायची हीच एक रीत. इथल्या जंगलात तसं करत नाहीत. दोन झाडांच्या मध्ये, डोक्याच्या वरून, एक ताणलेली दोरी बांधतात, तिला हायलाइन म्हणतात. झाडाला थेट दोरी लावायची नाही, आधी हातभर लांबीचा रुंद पट्टा गुंडाळायचा आणि दोरी त्याच्या कडीत अडकवायची, म्हणजे साल कापली जात नाही. घोडा त्या दोरीला मधोमध बांधायचा, खोडापासून लांब. कंटाळलेला घोडा पुढच्या पायाने जमीन उकरतो आणि एका रात्रीत झाडाची मुळं उघडी पाडतो. अशी मुळं उघडी पडून वाळलेली झाडं मी इतर ठिकाणी पाहिली आहेत.

आणि म्होरकीपासून वरच्या दोरीपर्यंतची लांबी बरोबर हवी. घोड्याचं तोंड जमिनीला जेमतेम टेकलं पाहिजे, त्याहून वीतभर जास्त नको. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कॅम्पवर मी ती दोरी सैल ठेवली होती, कस्तुरीला आरामात झोपता यावं म्हणून. रात्री तिचा मागचा पाय त्यात अडकला. खुराच्या वर, गाठीच्या खाली, दोरीने कातडं भाजल्यासारखं सोलून निघालं. सहा आठवडे पट्ट्या बदलत होते. त्या चुकीची खूण अजून तिच्या पायावर आहे, पांढऱ्या केसांची एक रेघ. फॉक्स क्रीकला दोरी तीनदा मोजली.

झाडं निवडताना आजूबाजूला काय उगवलंय तेही बघा. या ओढ्याच्या काठाने ऱ्होडोडेंड्रॉनची दाट झुडपं आहेत. जूनमध्ये ती फुलतात, फार सुंदर दिसतात, पण त्यांची पानं घोड्याला विषारी. रेड मेपलची सुकलेली पानंही तशीच. बांधलेल्या घोड्याचं तोंड यांच्यापर्यंत पोचता कामा नये. गवताची जाळी सतत भरलेली असली की घोडा पानांकडे वळत नाही.

गवतावरून एक प्रसंग झाला. घराजवळच्या एका दुकानातून निघायच्या आदल्या दिवशी मी चार गठ्ठे घेतले. वरून हिरवे, वासालाही चांगले. इथे येऊन पहिला गठ्ठा सोडला तर मधोमध पांढरी धूळ उडाली आणि कुबट वास आला. बुरशी. असं गवत खाल्लं की घोड्याला खोकला धरतो, पोट बिघडतं. दुसराही तसाच निघाला. दोन घोड्यांना दिवसाला मिळून वीस किलोच्या आसपास गवत लागतं, आणि आमच्याकडे चांगले दोनच गठ्ठे उरले. शेजारच्या जागेवर टेनेसीहून आलेलं एक वयस्कर जोडपं होतं, त्यांच्या दोन खेचरांसह. मी काही मागितलं नव्हतं. आजोबांनी माझ्या हातातला फोडलेला गठ्ठा पाहिला, गवत मुठीत घेऊन वास घेतला, आणि न बोलता आपल्या ट्रेलरमधून एक अख्खा गठ्ठा आणून आमच्या टेबलाजवळ ठेवला. पैसे घेईनात. शेवटी आमचा घरचा चिवडा आणि डिंकाचे लाडू घेतले. आता मी दुकानातच एक गठ्ठा फोडून बघते, दुकानदाराला आवडो न आवडो.

फिरायच्या वाटा हे इथलं खरं वैभव. व्हर्जिनिया हायलँड्स हॉर्स ट्रेल या भागातूनच जाते, एकूण ६० मैलांहून लांब. आम्ही दुसऱ्या दिवशी तिने चढून स्केल्सला गेलो, निवांत चालीने, अडीच तासांत. आधी गच्च जंगल, ओल्या मातीचा वास, खडकाळ वाट. इथे नाल घट्ट हवेत, निघायच्या आठवडाभर आधी नालबंदाकडून तपासून घ्या. मग अचानक झाडी संपते आणि उघडं गवताळ पठार लागतं. स्केल्स म्हणजे वजनकाटा. पूर्वी या पठारावर उन्हाळाभर गुरं चरायची, आणि खाली हाकत नेताना वजन घटतं म्हणून विकणारे वरच काट्यावर तोलून घ्यायचे. काटा गेला, नाव राहिलं. लाकडी कुंपणाचा मोठा वाडगा अजून आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथलं जंगल जवळजवळ सफाचट तोडलं गेलं, त्यातून आणि मग गुरं चरण्यातून हे माळ तयार झाले. झुडपांनी ते परत झाकून जाऊ नयेत म्हणून १९७० च्या दशकात इथे तट्टं आणून सोडली. ती आता रानटीच झाली आहेत. आम्हाला सात-आठ दिसली. एक अबलख घोडी, पोटाखाली तिचं शिंगरू, आयाळ इतकी लांब की डोळे दिसत नव्हते. कस्तुरी थबकली, सगळं अंग ताठ, आणि छातीतून एवढी मोठी खिंकाळी दिली की मला खोगिरातून तिच्या बरगड्या थरथरताना जाणवल्या. शिंगरू दोन पावलं आमच्याकडे आलं. त्याच्या आईने मान आडवी घातली आणि त्याला मागे वळवलं. आम्ही अंतर ठेवून उभ्या राहिलो. या तट्टांना खायला घालू नका, हात लावू नका, आणि आपला घोडा त्यांच्या घोळक्यात नेऊ नका.

माउंट रॉजर्सची उंची ५,७२९ फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा तीनशेहून अधिक फूट जास्त. मुलीला हे सांगितलं तेव्हा तिला आधी कळसूबाईबद्दलच सांगावं लागलं. तो अर्धा तास फार छान गेला. लक्षात ठेवा, ॲपलाचियन ट्रेलही इथूनच जाते, पण तिच्यावर घोड्यांना मनाई आहे. झाडांवर पांढरे पट्टे दिसले तर ती आपली वाट नाही. सप्टेंबर २०२४ च्या हेलेन वादळाने या सगळ्या टापूत मोठं नुकसान केलं, तेव्हा निघायच्या आधी कोणत्या वाटा उघड्या आहेत ते विचारून घ्या.

बाकी थोडक्यात. शौचालय स्वच्छ होतं, कागद आपला न्यावा. पिण्याचं पाणी माणसांसाठीही घरूनच. जूनमध्येही रात्री स्वेटर लागला. काळी अस्वलं या भागात आहेत, त्यामुळे माणसांचं खाणं आणि घोड्यांची चंदी दोन्ही गाडीत बंद ठेवायचं, ओढ्यापासून साठेक मीटर लांब घोडे बांधायचे, आणि निघताना लीद पसरून, उकरलेले खड्डे बुजवून जायचं. त्यासाठी दाताळं विसरू नका. पहिल्यांदाच घोडा घेऊन बाहेर पडत असाल तर जवळच्या ग्रेसन हायलँड्स स्टेट पार्कमध्ये घोड्यांसाठी वेगळी जागा आहे, तिथे पागा आणि वीज मिळते. तिथून सुरुवात करा आणि घोड्याला परक्या जागी झोपायची सवय झाली की इकडे या.

तिसऱ्या संध्याकाळी मी खरारा करत होते. कस्तुरीने स्वतःहून ओढ्याकडे ओढ घेतली, मी दोरी सैल सोडली. गुडघ्यापर्यंत पाण्यात उभी राहून ती प्यायली. दर घोटाला तिच्या गळ्याखालून एक गाठ वर सरकत जात होती, आणि मुलगी काठावर बसून ते घोट मोजत होती. सत्तेचाळीस.

सप्टेंबरअखेर परत यायचं ठरवलंय. तेव्हा ग्रेसन हायलँड्सला कळपातल्या जास्तीच्या शिंगरांचा लिलाव असतो. मुलीला घोड्यांचा बाजार कसा भरतो ते एकदा दाखवायचं आहे. सारंगखेडा फार लांब पडतं.