आकारांचा डबा: नऊ महिने वापरल्यावर

दिवाळीच्या तोंडावर एका प्रदर्शनात नातीसाठी लाकडी डबा घेतला. झाकणाला बारा भोकं, सोबत बारा रंगीत ठोकळे, किंमत ८५० रुपये. तेव्हा ती सव्वा वर्षाची होती, आता दोन पूर्ण झाली आहेत. मी चिंचवडला कारखान्यात ३४ वर्षं फिटर होतो. त्यामुळे हा अनुभव थोडा फिटरच्या नजरेतून आहे, चालवून घ्या.

पहिल्या आठवड्यात पोरीने गोल ठोकळा गोल भोकात टाकला, आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या आठवड्यात तिने तोच गोल चौकोनी भोकात टाकला आणि तो गेलासुद्धा. मग त्रिकोण टाकला, तोही गेला. लांबट आयतही गेला. त्यानंतर तिसऱ्या दिवसापासून बाईसाहेब बारातले सात ठोकळे एकाच भोकातून आत सोडायला लागल्या आणि बाकीच्या भोकांकडे बघेनाशा झाल्या. सूनबाई म्हणाली, "बाबा, हिला आकार कळत नाहीयेत." मी म्हटलं, हिला चांगलेच कळलेत, डबा बनवणाऱ्याला कळलेले नाहीत.

कपाटातला व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं हत्यार, काढला. चौकोनी भोक ४० मिलिमीटर, गोल ठोकळ्याचा व्यास ३८, त्रिकोणाची बाजू ४०. जाणारच की! गोल आणि चौकोन एकमेकांच्या भोकात जाऊ नयेत, तर गोलाचा व्यास चौकोनाच्या बाजूपेक्षा मोठा आणि त्याच्या कर्णापेक्षा लहान हवा. बाजू ३० असेल तर कर्ण ४२च्या थोडा वर जातो, म्हणजे गोल ३६ ते ३८चा ठेवला की काम झालं. एवढं साधं गणित कुणी केलंच नव्हतं. आमच्या खात्यात असला माल इन्स्पेक्शनच्या टेबलावरूनच परत आला असता.

दुसरी खोड जास्त गंभीर. बारातला अर्धगोल फारच बारका होता. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यातले सुटे तुकडे ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या छोट्या नळीत टाकून तपासतात. त्यात तुकडा पूर्ण मावला तर तो घशात अडकू शकतो, म्हणून खेळणं नापास. आमचा अर्धगोल त्यात आरामात मावला असता. तो मी त्याच दिवशी काढून ठेवला. मग खोक्यावर आयएसआयचा शिक्का शोधला. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांना तो सक्तीचा आहे. खोक्यावर नव्हता. घेताना पाहायला हवा होता, ही चूक माझीच.

डबा फेकला मात्र नाही. प्लायवुडचं नवं झाकण कापलं आणि त्याला तीनच भोकं ठेवली: गोल, चौकोन, त्रिकोण. चौकोनी ठोकळा सागवानाच्या तुकड्यातून ३०चा नवा केला. त्याचं भोक ३३चं, म्हणजे ३ मिलिमीटर ढिलाई. कडा कानशीने मारून पॉलिश पेपरने घासल्या. प्लायवुडला कुसळं फार, तिथे कंटाळा करून चालत नाही.

आता खरी मजा सुरू झाली. गोल लगेच जमला, कारण गोलाला कोन जुळवावा लागत नाही, कसाही धरा. चौकोनाने दीड-दोन महिने घेतले. ती ठोकळा भोकावर दाबायची, चिडायची, फेकायची. एक दिवस दाबता दाबता मनगट वळलं आणि ठोकळा खळकन आत पडला. तिने झाकण उघडलं, ठोकळा काढला आणि पुन्हा तेच. त्या दुपारी तिने चौकोन किती वेळा टाकला याची मोजदाद मी सोडून दिली. त्रिकोण सर्वात शेवटी आला, तो जास्त फिरवावा लागतो. मग मी दुसरं झाकण कापलं, फक्त १ मिलिमीटर ढिलाईचं. आता ती आधी बोटांनी भोकाची कड चाचपते आणि मगच ठोकळा उचलते.

सौ. बालवाडीत शिकवायची. तिने हे सगळं पाहून फक्त एवढंच म्हटलं, "मॉंटेसरीबाईंचे दट्टे, म्हणजे भोकात बसवायचे लाकडी ठोकळे, असेच असतात, एका पट्टीत दहा, चुकला की शेवटचा बसतच नाही, मुलाला सांगावं लागत नाही." म्हणजे गेज (माप बरोबर आहे का ते तपासायचं साधन) आणि शिक्षण यांचं नातं त्या बाईंना १९०७ मध्ये रोममध्ये शाळा काढली तेव्हाच ठाऊक असावं. सौ.चं खरं दैवत मात्र ताराबाई मोडक. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं ते दगड, शिंपले, पानं, बिया हाताशी घेऊन. "८५० रुपये कशाला घातलेत?" हा प्रश्न मला नऊ महिन्यांत कितीदा ऐकावा लागला ते विचारू नका.

सौ.चा खेळ परातीतला. तांदूळ, दोन वाट्या, एक गाळणं, एक चमचा. खाली जुनी चादर. पाऊण तास पोरगी जागची हलत नाही, हे डब्याला कधीच जमलं नाही. पण दोन गोष्टी सांगतो. पावसाळ्यात तांदळाला मुंग्या आणि पोरकिडे लागतात, तेव्हा रोज डब्यात बंद करा. आणि हरभरा, राजमा, वाटाणे परातीत घालू नका. ते नाकात जातात आणि ओलीने फुगतात. राजमा कच्चा चावला तर पोटही बिघडतं. पाण्यात फुगणारे ते रंगीत मणी तर घरातच आणू नका, पोटात गेल्यावरही ते फुगत राहतात. परातीजवळून मोठ्या माणसाने उठायचं नाही, फोन आला तरी.

सर्वात स्वस्त आणि सर्वात भारी खेळ म्हणजे कापडी पिशवी. आत लिंबू, आगपेटीचं रिकामं खोकं, वाटी, आपला सागवानी चौकोन. न बघता हात घालून सांगितलेली वस्तू काढायची. हे तिला वीस-एकवीस महिन्यांपर्यंत अजिबात जमलं नाही, ती सरळ पिशवी उलटी करायची. आता लिंबू बरोबर काढते, वाटीही काढते, खोकं आणि चौकोन यांत मात्र अजून घोटाळा होतो.

नावांच्या बाबतीत आमच्याकडे वाद आहे. सूनबाई सारखं "हा कोणता शेप?" विचारते आणि पोरगी तोंड फिरवते. मी विचारत नाही. एकदा तिने आपणहून तिरका चौकोन उचलून "शंकपाली" म्हटलं. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी ताबडतोब "डायमंड" अशी दुरुस्ती केली. पोरीने ऐकलं नाही, मीही ऐकलं नाही. आमच्या घरात तो आकार शंकरपाळीच राहील.

घ्यायचाच असेल तर तीन-चार भोकांचा डबा घ्या. दुकानातच गोल ठोकळा चौकोनी भोकात घालून बघा. गेला तर परत ठेवा. रंग ओल्या फडक्याने घासून बघा, आमच्या लाल ठोकळ्याने फडकं गुलाबी केलं होतं. तो ठोकळाही आता अर्धगोलाशेजारी कपाटात आहे. परवापासून पोरीचं लक्ष माझ्या व्हर्नियरवर गेलं आहे, म्हणून तो वरच्या फळीवर ठेवला आहे.