स्मरणपुस्तिका छापून देणाऱ्या डिजिटल प्रेस: कशात तरबेज, कशात कच्च्या

घरातली आई, आजी ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांचं भरलं आयुष्य जगून गेली की वर्षश्राद्धाला तिच्या आठवणींची पुस्तिका वाटायची, ही पद्धत आता बरीच रुळली आहे. पुण्यात नारायण पेठ, सदाशिव पेठ, अप्पा बळवंत चौक या भागातल्या छोट्या डिजिटल प्रेस असं पन्नास-शंभर प्रतींचं काम आनंदाने घेतात. आधी निकाल सांगतो: छपाई पाचपैकी साडेचार, बांधणी चार, मराठी अक्षरजुळणी तीन, फोटोदुरुस्ती दोन. शेवटच्या दोन्ही गोष्टींवर घरच्यांनी स्वतः लक्ष ठेवलं तर पुस्तिका सुरेख होते. सगळं त्यांच्यावर सोपवलं तर मुखपृष्ठावर भलतीच बाई दिसते.

हे वाक्य चेष्टेत लिहिलेलं नाही. जुना फोटो दिला की प्रेसमधला डीटीपीवाला (संगणकावर पानं लावणारा) तो एआयच्या ॲपमधून काढतो. चेहरा झटक्यात लख्ख होतो, पण तो चेहरा त्या यंत्राने अंदाजाने रचलेला असतो. कपाळावरचं आणि हनुवटीवरचं गोंदण डाग समजून पुसलं जातं. कृष्णधवल फोटोत कुंकू काळपट उमटतं. रंग भरताना यंत्र ते काळंच ठेवतं नाहीतर उडवतं. मंगळसूत्राच्या दोन वाट्यांचा एक गोळा होतो, नथ नाकाला चिकटते, लुगड्याचे काठ धुरकट होतात. सुरकुत्या जातात आणि ऐंशीची बाई पन्नाशीची दिसू लागते. म्हणून काम देतानाच लेखी सांगावं: चरे, घड्यांच्या खुणा, बुरशीचे ठिपके एवढंच हाताने काढा, डोळे, ओठ, कपाळ यांना हात लावू नका, कृष्णधवल फोटो कृष्णधवलच राहू दे. रंग हवाच असेल तर त्या लुगड्याचा रंग आठवणारी बहीण किंवा जाऊ हयात आहे का ते पाहावं. मशीनने दिलेला जांभळा हा केवळ अंदाज असतो.

मूळ फोटो कसा द्यावा? व्हॉट्सॲपवरून साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलची उरते. ३०० डीपीआयला (म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके) तो सव्वापाच इंचांपर्यंतच नीट छापता येतो, पूर्ण पानाला पुरत नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवावा किंवा पेनड्राइव्हवर द्यावा. पाकिटात मावणारी अडीच बाय साडेतीन इंची प्रत ६०० डीपीआयला स्कॅन केली तर १५०० बाय २१०० पिक्सेल मिळतात, म्हणजे ५ बाय ७ इंचाचा स्वच्छ फोटो. याहून जास्त डीपीआय घेऊन फारसा फायदा नाही, कारण कागदावरच तेवढा तपशील नसतो. गटफोटोतला चार मिलिमीटरचा चेहरा कापून मोठा करायचा मोह टाळावा. तो गटफोटोच अख्खा छापावा आणि खाली डावीकडून नावं द्यावीत.

सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो तांबूस झालेले असतात, कारण त्यातला निळसर रंग आधी उडतो. ही दुरुस्ती मात्र प्रेसवाले बरी करतात. रेशमी पोताच्या कागदावरचे फोटो स्कॅन केले की चमकते ठिपके येतात. फोटो एकदा सुलटा, एकदा १८० अंशांत फिरवून स्कॅन करायचा आणि दोन्ही एकत्र करायचे, म्हणजे ते कमी होतात. भिंतीवरच्या फ्रेममध्ये पावसाळ्याच्या दमटपणाने काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये. तिरक्या उजेडात काचेसकट कॅमेऱ्याने टिपावा.

आता अक्षरजुळणी. घरून मजकूर फोनवर, युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरपद्धतीत टाइप होऊन जातो. बऱ्याच प्रेस अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये पानं लावतात, आणि त्या रूपांतरात ठरावीक अक्षरं मोडतात. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, ‘ॲ’ जागेवर राहत नाही, ‘द्ध’ आणि ‘द्य’ एकमेकांत मिसळतात. पानं लावायच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपीचा कंपोझर चालू नसला की पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. प्रूफ आलं की आधी फक्त ‘ऱ्या’, ‘ऱ्हा’, ‘द्ध’, ‘द्य’, ‘ह्य’, ‘श्र’, ‘रु’ आणि ‘रू’ शोधत पानं चाळावीत, मग वाचायला घ्यावं. युनिकोडमध्येच काम करणारी प्रेस मिळाली आणि पंधरा-वीस टक्के जास्त घेत असली तरी तिलाच द्यावं. तिथेही ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे आलेत का ते बघावं. मजकुराची भाषा मराठी निवडली की बहुतेक फॉन्टमध्ये आपली वळणं येतात.

टाइप १३ किंवा १४ पॉइंट, दोन ओळींतलं अंतर २० पॉइंट. प्रेसवाले पानं वाचवायला ११ सुचवतात, पण ही पुस्तिका सगळ्यात मन लावून वाचणारे तिचे यजमान, दीर, बहिणी असतात आणि तेही ऐंशीच्या आसपासचे. यजमान हयात असतील तर मुखपृष्ठावर ‘कै. सौ.’ हवं. प्रेसमधल्या तयार साच्यात बरेचदा ‘कै. श्रीमती’ असतं आणि नजरेतून निसटतं. माहेरचं नाव पहिल्याच पानावर द्यावं.

तारखांची पडताळणी कोणतीच प्रेस करत नाही, त्यांचं ते कामही नव्हे. शाळेच्या दाखल्यावर १ जून असेल तर ती बहुधा गुरुजींनी घातलेली तारीख. जुन्या वहीत किंवा पत्रिकेत शके सापडला तर चैत्र ते मार्गशीर्ष ७८ मिळवायचे, माघ-फाल्गुनाला ७९. पौषाला मात्र पंचांग उघडावं लागतं. म्हणजे शके १८६२ च्या फाल्गुनातला जन्म १९४१ चा. सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो असतील तर त्यांच्याशी ताडून पाहावं. हजार पौर्णिमा व्हायला ८० वर्षं आणि दहा महिने लागतात, पण घरोघरी सोहळा थोडा मागेपुढे होतो.

कागद आणि बांधणी यात प्रेसवाले खरोखर तरबेज आहेत. डेमी आकार, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच. आत ८० किंवा १०० जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढ्या ग्रॅमचा) नॅचरल शेड मॅपलिथो, म्हणजे किंचित पिवळसर, न चमकणारा कागद, कव्हर ३०० जीएसएम, त्यावर मॅट लॅमिनेशन. चकचकीत आर्ट पेपरचा आग्रह धरू नये; दिव्याखाली तो चमकतो आणि म्हाताऱ्या डोळ्यांना त्रास होतो. फोटोंपुरती मध्ये ८ पानं १३० जीएसएम आर्ट पेपरची घातली की भागतं. कृष्णधवल फोटो चार रंगांत छापले तर हिरवट नाहीतर गुलाबी झाक येते, म्हणून ते फक्त काळ्यात छापायला सांगावं.

४८ ते ५६ पानांपर्यंत सेंटर पिन, म्हणजे मधल्या घडीवर मारलेल्या पिना, पुरते. पानं मात्र चारच्या पटीत हवीत. त्यापुढे परफेक्ट बाइंडिंग, म्हणजे पाठीला गोंद लावून चिकटवलेली बांधणी, सुचवलं जातं. ६४ पानांची पाठ जेमतेम तीन मिलिमीटर भरते आणि एवढ्याशा पाठीला गोंद नीट धरत नाही. साधा हॉट मेल्ट (तापवून लावायचा गोंद) असला तर पुस्तिका सपाट उघडताच पानं सुटतात. इथे थोडे जास्त पैसे घालून सेक्शन शिलाई, म्हणजे पानांचे गठ्ठे दोऱ्याने शिवून बांधणी, करून घ्यावी. आतला समास २० मिलिमीटर ठेवावा. गडद रंगाच्या कव्हरला घडी घालण्याआधी क्रीजिंग (घडीच्या जागी दाबून रेघ पाडणं) झालं नाही तर पाठीवर टोनर फुटून पांढरी रेघ दिसते, आणि पहिल्याच हाताळणीत दिसते.

तिच्या पाककृती घालायच्या असतील तर तिच्या हाताची वही रंगीत स्कॅन करून जशीच्या तशी छापावी, तेलाच्या डागांसकट. डीटीपीवाले पार्श्वभूमी पांढरी करून देतात. नको म्हणून सांगावं. शेजारी टाइप केलेला मजकूर द्यावा आणि तिची वाटी किती मिलिलिटरची होती ते पाण्याने मोजून लिहावं. एरवी ‘दोन वाट्या भाजणी’ या मापाने सुनांच्या चकल्या कधी तेलात विरघळतील, तर कधी वातड होतील.

ऑनलाइन फोटोबुकच्या सेवा फक्त फोटोंसाठी बऱ्या. पानं सपाट उघडतात, रंग छान येतात. पण मराठी फॉन्ट मोजकेच मिळतात आणि पंचवीस प्रतींना दर भलताच चढतो. डिजिटल प्रेसचा हिशेब साधारण ३०० प्रतींपर्यंत परवडतो, त्यापुढे ऑफसेटचा, म्हणजे प्लेट बनवून होणाऱ्या मोठ्या छपाईचा, दर मागावा.

वेळेचं गणित तिथीवर बांधावं. वर्षश्राद्ध तारखेच्या साधारण ११ दिवस आधी येतं. मध्ये अधिक मास पडला तर १९ दिवस उशिरा. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे. मजकूर हातात असला तरी दोन प्रूफं, फोटो आणि शिलाई धरून पाच-सहा आठवडे लागतात, म्हणून तेराव्याला पुस्तिका काढायचा घाट घालू नये. तेवढ्यापुरती चार पानी घडीपत्रिका पुरे. यजमान मागे असतील तर भाद्रपद वद्य नवमीला, अविधवा नवमीला वाटप करणारी घरंही आहेत, पण पितृपक्षात प्रेसमध्ये नवरात्राच्या पावत्या-पत्रिकांची गर्दी असते. काम गणपतीआधी द्यावं.

दुसऱ्या प्रूफाची एक प्रत खऱ्या कागदावर, खऱ्या मशीनवर काढून घ्यावी. स्क्रीनवरच्या पीडीएफला मान्यता देऊ नये. पैसे चुकते करताना छपाईची पीडीएफ आणि उघडता येणारी मूळ फाइल, दोन्ही मागून घ्याव्यात. मूळ फाइल द्यायला काही प्रेस कुरकुरतात, म्हणून ही अट पहिल्या दिवशीच दरपत्रकात लिहून घ्यावी. पुस्तिका वाटली की चार-सहा नातेवाईक चुका आणि राहून गेलेली नावं कळवतातच. पहिल्या खेपेला ६० प्रती काढून दुरुस्तीनंतरच्या ४० मागाहून छापल्या तर खर्चात फारसा फरक पडत नाही.