स्मरणामागील रेणूंची ओळख करून देणारा व्याख्यानवर्ग, दादर: चार रविवारांचा अनुभव

शिकताना आणि लक्षात ठेवताना पेशींमध्ये काय घडते, हे मराठीतून समजावणारा चार रविवारांचा व्याख्यानवर्ग मी दादर पश्चिमेच्या एका छोट्या सभागृहात नुकताच पूर्ण केला. मी शाळेत शिकवते. ‘आज वाचलेस, उद्या पुन्हा वाच’ असे मुलांना रोज सांगते. पण त्यामागचे कारण मला कधी नीट सांगता आले नव्हते, म्हणूनच बाराशे रुपये भरून नाव नोंदवले.

वर्गाचा मुख्य भर एरिक कँडेल यांच्या संशोधनावर आहे. व्हिएन्नात जन्मलेल्या आणि १९३९ साली अमेरिकेत आलेल्या या शास्त्रज्ञाने अप्लिशिया ही समुद्री गोगलगाय निवडली, कारण तिच्या चेतासंस्थेत केवळ वीस हजारांच्या आसपास चेतापेशी असतात आणि त्यांतल्या काही नुसत्या डोळ्यांनीही दिसू शकतील इतक्या मोठ्या असतात. या कामासाठी २००० सालच्या नोबेल पुरस्कारात त्यांना वाटा मिळाला.

दुसऱ्या रविवारी व्याख्यान देणाऱ्या बाईंनी टेबलावर लाकडी पट्टी आपटली, तेव्हा आम्ही सारे दचकलो. दहाव्या वेळेपर्यंत मात्र कोणी मानही वर करीना. माहीमला रुळांलगत वाढलेल्या मला ही सवय नवी नव्हती. मग त्यांनी स्टीलचे ताट अचानक फरशीवर टाकले आणि त्यानंतर पट्टीचा हलका आवाजही सर्वांना दचकवू लागला. गोगलगाईच्या शेपटीला विजेचा झटका बसल्यावर ती साध्या स्पर्शानेही कल्ले जोराने आत ओढून घेते, ते याच रीतीने.

त्यापुढचे विवेचन मला सर्वांत मोलाचे वाटले. झटक्यानंतर सिरोटोनिन हे चेतापेशींमधले संदेशवाहक रसायन स्रवते, पेशीत सायक्लिक एएमपी हा आतला संदेश पुढे नेणारा रेणू वाढतो आणि आधीपासून असलेल्या प्रथिनांत बदल होऊन चेतासंधी, म्हणजे दोन चेतापेशींमधला संदेश देण्याचा जोड, काही मिनिटे बळकट होते. काचपात्रातील पेशींना हेच सिरोटोनिन थोड्या थोड्या अंतराने पाच वेळा दिले, तर मात्र संदेश केंद्रकापर्यंत पोहोचतो, क्रेब हे प्रथिन जनुकांना जागे करते, नवी प्रथिने तयार होतात आणि नव्या चेतासंधी फुटतात. नवी प्रथिने तयार होऊ दिली नाहीत, तर अल्पकालीन स्मृती शाबूत राहते, दीर्घकालीन स्मृती मात्र घडत नाही. हे ऐकताना माझ्या वहीतला हात थांबला, कारण मुलांना उद्या पुन्हा वाचायला का सांगायचे, याचे उत्तर माझ्यासमोर फळ्यावर होते.

उणीव आहे ती शेवटच्या रविवारी. हिप्पोकॅम्पस हा मेंदूतील स्मृतीशी निगडित भाग आणि ससे वापरून केलेले ब्लिस व लोमो या शास्त्रज्ञांचे १९७३ सालचे प्रयोग वीस मिनिटांत उरकले गेले. गोगलगाईकडून सस्तन प्राण्यांकडे येताना काय सारखे आणि काय वेगळे, हा भाग घाईने सांगण्याजोगा नव्हे. त्यासाठी पाचवा रविवार ठेवावा, अशी मी आयोजकांना लेखी विनंती केली आहे. छापील टिपणांतील आकृत्याही फार बारीक आहेत आणि मागच्या रांगांत पंख्यांच्या आवाजात बोलणे हरवते. नोंदणी करणाऱ्यांनी वही सोबत ठेवावी आणि दहाला पंधरा मिनिटे असतानाच पुढच्या दोन रांगांत जागा धरावी.