मार्शल आर्ट, सर्व्हायव्हल कोर्स की दोन्हीचा एकत्र कॅम्प: आधी काय करावं?

मोकळ्या हवेत काहीतरी दणकट शिकायचंय पण नेमकं काय, यात बरेच जण अडकतात. माझं मत आधीच सांगतो. डोंगरात, रानात जाणारे असाल तर आधी सर्व्हायव्हलचा, म्हणजे रानात अडकल्यावर तगून राहायला शिकवणारा छोटा कोर्स करा, मग मार्शल आर्ट लावा आणि ती वर्षानुवर्षं चालू ठेवा, दोन्ही एकत्र शिकवणारा कॅम्प सगळ्यात शेवटी.

कारण साधं आहे. रानात कुणी अंगावर धावून आल्यामुळे जीव जाणं फार क्वचित. माणसं अडकतात ती वाट चुकून, घसरून, भिजून गारठून, नाहीतर उन्हात पाणी संपून. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की हायपोथर्मिया धरतात आणि त्याला बर्फच लागतो असं नाही, पाऊस, वारा आणि अंगाला चिकटलेला ओला सुती टीशर्ट एवढं पुरतं. आधी बोटं बधिर होतात, जॅकेटची चेन लागत नाही, गाठ सुटत नाही, मग जीभ जड होते आणि डोकंही मंदावतं, त्यामुळे आपली अवस्था बिघडलीये हे ज्याचं त्यालाच कळत नाही. तिथे कितवा बेल्ट आहे याचा काही उपयोग नाही.

सर्व्हायव्हलमध्ये तीनचा एक नियम शिकवतात: हवेशिवाय ३ मिनिटं, वाईट हवामानात आडोशाशिवाय ३ तास, पाण्याशिवाय ३ दिवस, अन्नाशिवाय ३ आठवडे. आकडे ढोबळ आहेत पण आधी काय करायचं याचा क्रम डोक्यात पक्का बसतो. नवीन लोकांना मात्र पहिल्याच दिवशी कंदमुळं ओळखायची नाहीतर सापळे लावायचे असतात. कोर्स निवडताना हेच बघा, की आडोसा, पाणी, आग, सिग्नल आणि वाट चुकल्यावर एका जागी थांबायचं कसं यावर जास्त वेळ देतात की किडे खाऊन दाखवण्यावर.

आगीचंच घ्या. व्हिडिओत ठिणगी पडली की लगेच पेटतं. पावसानंतर करून बघा. जमिनीवरचं लाकूड ओलं असतं, म्हणून उभं वाळलेलं लाकूड शोधायचं, ते चिरायचं, आतला कोरडा गाभा काढून त्याच्या पातळ पातळ साली तासायच्या. फेरो रॉड, म्हणजे घासली की ठिणग्या पाडणारी धातूची कांडी, वापरताना पातं पुढे ढकललं तर हात त्या सालींवर आदळतो आणि सगळं विस्कटतं, त्यापेक्षा पातं एका जागी धरून रॉड मागे ओढायचा. सुरी चालवताना बसण्याची पद्धतही शिकवतात, मांड्यांच्या मधे धरून काही कापायचं नाही कारण तिथे मोठी रक्तवाहिनी असते आणि मदत लांब असते. हे सगळं दोन-तीन दिवसांत शिकून होतं. पण नंतर पावसाळ्या दिवशी स्वतः आग पेटवून बघितली नाही तर ते हातातून जातंही तितक्याच लवकर.

मार्शल आर्टचं उलट आहे. दोन दिवसांत काहीच हाती लागत नाही, पण काही महिने नेमाने केलं की जे अंगात मुरतं ते सहसा जात नाही. समोर माणूस जोर लावतोय, दम लागलाय आणि तरी श्वास सांभाळून विचार करायचा, ही सवय सर्व्हायव्हलच्या कोर्समध्ये फारशी मिळत नाही. आणि पडणं! जिगोरो कानोंनी १८८२ मध्ये ज्युदो सुरू केला, त्यात आजही नवशिक्याला सुरुवातीला पडायलाच शिकवतात, हनुवटी छातीला लावायची, पाठ गोल ठेवायची, हात ताठ करून जमिनीवर टेकवायचा नाही. ओल्या उतारावर पाय सटकला की आपण सगळे हात पुढे करतो आणि मनगट मोडून घेतो. म्हणून माझ्या मते रानात जाणाऱ्याला मार्शल आर्टमधून मिळणारी सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे नीट पडणं, मारामारी नंतर.

फक्त बाहेर काय करायचं ते शैलीवर ठरतं. कराटेचं फूटवर्क, काता (एकट्याने करायच्या ठरलेल्या हालचाली), काठीचा सराव गवतावर, उतारावर, बूट घालून करणं उत्तमच, सपाट फरशीवर न दिसणारे तोलाचे दोष तिथे लगेच उघडे पडतात. पण ज्युदोच्या पूर्ण फेका किंवा जिउ-जित्सुची जमिनीवरची झटापट मॅटशिवाय नको, गवताखाली एक दगड असला तरी डोकं फुटतं. मॅटवर पडताना हात आपटतात तोही खडकावर आपटायचा नसतो.

आता एकत्र कॅम्प. जाहिरातीत भारी दिसतो, आणि दोन्हीपैकी एकाचा पाया असेल तर मजाही येते. अडचण अशी की रात्री झोप नाही, जेवण कमी, पाठीवर सॅक घेऊन चाललेली माणसं, आणि त्यांनाच संध्याकाळी स्पॅरिंगला, म्हणजे समोरासमोर सरावाच्या लढतीला उभं करतात. थकलेल्या नवशिक्यांना एकमेकांसमोर उभं केलं की दुखापत ठरलेली, आणि रानात साधा मुरगळलेला घोटासुद्धा मोठा प्रश्न होतो. पाया नसलेल्याला तिथे दोन्हीतलं थोडं थोडं दिसतं, हाताला येत नाही.

तरी जायचंच असेल तर पैसे भरण्याआधी फोन करून विचारा: एका इन्स्ट्रक्टरमागे माणसं किती, फर्स्ट एडचं सर्टिफिकेट कुणाकडे आहे, स्पॅरिंग दिवसाच्या कुठल्या वेळी ठेवलंय, नको असेल तर बाजूला बसता येतं का, कुणाचा पाय मोडला तर गाडी कुठपर्यंत येते आणि तिथवर त्याला कोण कसं नेणार. शेवटच्या प्रश्नाला गोलमोल उत्तर आलं तर तो कॅम्प सोडून द्या.